टर्बो लावाल हो, पण गाडीच्या कॉम्प्युटरला तो कळेल का?

गाड्यांच्या इतिहासावर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय, आणि त्यातले निम्मे मेसेज आपल्या पनवेल पट्ट्यातलेच असतात. प्रश्न असा: "दादा, साधी पेट्रोल गाडी आहे, बाराशे सीसी. टर्बो किट बसवतो, ईसीयू कंपनीचाच ठेवतो, वरून फक्त रीमॅप मारतो. चालेल ना?" विचारणारा बहुतेक विशी-पंचविशीतला असतो. सेकंड हँड गाडी घेतलेली असते आणि किटसाठी वर्ष-दोन वर्षं पैसे साठवलेले असतात. म्हणून एका शब्दात उत्तर द्यायचं मी टाळलं. हा अख्खा भाग त्याच्यावर.

सुरुवात खूप मागून करू. आल्फ्रेड बुखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ साली टर्बोची मूळ कल्पना पेटंट केली. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम वायूने एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. ऐकायला सोपं आहे. पण हवा किती वाढली हे मोजणार कोण, आणि त्या हिशेबात इंधन वाढवणार कोण? टर्बोचा पुढचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर नावाची गाडी आली. साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन, त्यावर टर्बो, आणि कॉम्प्रेशन सव्वादहा. आधीच इतकं दाबणाऱ्या इंजिनात आणखी हवा कोंबली की ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचायची वाट न बघता उरलेलं पेट्रोल आपणहून पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. कंपनीने तोडगा काढला की पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका टाकीतून इंजिनात फवारायचं, म्हणजे आत थंड राहील. गिऱ्हाइकाने ती टाकी वेळोवेळी भरायची. लोकांनी भरली नाही! दोन वर्षांत गाडी बंद झाली, आणि पुढे कंपनीने कित्येकांच्या गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. कॉम्प्युटर नव्हता, त्याचं काम मालकाच्या आठवणीवर सोपवलं होतं. मला ही गोष्ट भारी आवडते.

त्याच १९६२ साली टर्बोवालं एक धूड भारतात उतरलं, ते रुळांवर. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन. अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलं, नंतर वाराणसीत बनायला लागलं. सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. गाडी सुटताना काळ्या धुराचा लोट निघायचा ना, त्याचं कारण हेच की डिझेल लगेच वाढायचं आणि टर्बोला वेग घ्यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ इंधन जास्त, हवा कमी. पुढे रेल्वेने त्याच घराण्यातलं इंजिन ३१०० हॉर्सपॉवरवर नेलं. कसं? टर्बो बदलला, हवा थंड करणारा कूलर सुधारला, इंधनपंपाचा दट्ट्या जाड केला. नुसता गव्हर्नर पिळून पाचशे हॉर्सपॉवर काढले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे रांजणगावला पुन्हा हेच दिसणार आहे.

आता कार. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी घ्या. १०८९ सीसी, साधारण चाळीस हॉर्सपॉवर, कार्ब्युरेटर. सगळं ट्यूनिंग मेकॅनिकच्या कानात आणि स्क्रू ड्रायव्हरमध्ये. मग कॉम्प्युटर आला कधी? पोरांना वाटतं तो वेगासाठी आला. आपल्याकडे तरी तो धुरासाठी आला. १९९९ मध्ये दिल्ली परिसरात आणि २००० पासून देशभर युरो-१ च्या तोडीचे नियम लागू झाले. पेट्रोल गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. तो कन्व्हर्टर नीट चालायचा तर एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत धरून ठेवावं लागतं. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. म्हणून एमपीएफआय, म्हणून सेन्सर, म्हणून ईसीयू. कंपनीचा ईसीयू हा मुळात या एका आकड्याचा राखणदार आहे.

तो काम कसा करतो? त्याच्या आत तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे आरपीएम, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: इतकं पेट्रोल सोड, इतकी आधी ठिणगी टाक. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या गाडीत इंजिनाच्या तोंडाशी दाब वातावरणापेक्षा वर जाऊच शकत नाही. आपलं नेरे समुद्रसपाटीच्या जरासंच वर आहे, इथे दाब सुमारे १०० किलोपास्कल. समोर माथेरानचा डोंगर दिसतो, वर साधारण ८०० मीटर उंचीवर तोच दाब ९२ च्या आसपास भरतो. घाट चढणाऱ्या गाडीचा विचार कंपनीने केलेला असतो, त्यामुळे कमी दाबाच्या ओळी तक्त्यात भरपूर असतात. शंभराच्या वर मात्र ओळ नसते, कारण तशी हवा या गाडीने बघायचीच नव्हती. दाब मोजणारा सेन्सरही साधारण तिथेच हात टेकतो.

आता अशा गाडीला अर्धा बार बूस्ट देणारा टर्बो लावा. दाब १५० झाला. ईसीयूला दिसतात शंभर-एकशेपाच. तो शेवटच्या ओळीतलं पेट्रोल देतो आणि गप्प बसतो. हवा दीडपट, पेट्रोल तेवढंच. मेकॅनिक याला लीन म्हणतात. उष्णता वाढते, नॉकिंग सुरू होतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगेल म्हणाल, तर तो बहुतेक साध्या गाड्यांत १४.७ च्या जवळपासचंच नीट ओळखतो. बूस्टमध्ये पेट्रोल इंजिनाला साडेअकरा-बारा लागतं, त्या भागात तो जवळजवळ आंधळा.

पनवेल परिसरातल्या एका गॅरेजात असं उघडलेलं इंजिन मी पाहिलंय. तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटून पडली होती. मालक सांगत होता की गावात, बाजारात, कळंबोलीपर्यंत गाडी झकास चालायची. बरोबरच आहे. गावात पूर्ण बूस्ट दोन सेकंद मिळतो. खोपोलीहून बोरघाट चढताना मात्र पाय दाबलेलाच राहतो, आणि इंजिनाला श्वास घ्यायला फुरसत नसते. घाटाने ती गाडी मारली असं तो म्हणत होता. माझ्या मते ती नेऱ्याच्या रस्त्यावरही मरतच होती, फक्त सावकाश.

"मग तक्ता वाढवू की!" बरोबर, त्यालाच रीमॅप म्हणतात. तीन बारपर्यंत मोजणारा सेन्सर लावायचा आणि तक्त्याच्या ओळी ताणायच्या. यातही अडचणी आहेत. तक्त्यात सोळा ओळी असतील तर त्या शंभराऐवजी अडीचशेवर पसरल्या, म्हणजे रोजच्या संथ चालण्यासाठी उरल्या सहा-सात. गाडी बाजारात धक्के मारायला लागते. जुन्या ईसीयूत बरेच आकडे एका बाइटमध्ये साठवलेले असतात. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. हवेचा हिशेब २५५ ला पोचला की पुढे कितीही हवा येऊ दे, त्याच्या लेखी ते २५५ च. पाट्या कितीही बदला, पेला तेवढाच.

सॉफ्टवेअर जमलं तरी लोखंड राहतंच. इंजेक्टर घ्या. ६००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र, म्हणजे दोन फेरे, २० मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टर फुल थ्रॉटलला १४ मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर दीडपट पेट्रोलसाठी २१ हवेत. आहेत २०. आता रीमॅप करणारा कितीही हुशार असो, विसात एकवीस बसवणार कसे? मग काही जण पेट्रोलचा दाब वाढवतात. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. दीडपट पेट्रोलला सव्वादोनपट दाब लागतो, तीन बारचे पावणेसात. कंपनीच्या पंपाचं ते काम नाही.

तिसरा रस्ता पिगीबॅकचा. म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर मूळ कॉम्प्युटरच्या खांद्यावर बसवायचा. घाबरू नका, ही वस्तू तुम्ही रोज बघता. बाहेरून बसवलेल्या सीक्वेन्शियल सीएनजी किटमध्ये हेच असतं. पेट्रोल ईसीयू इंजेक्टरला जी वेळ सांगतो ती मधल्या मध्ये पकडून गॅसच्या हिशेबात बदलायची. सीएनजीत ते निभावतं, कारण हवा मूळ मर्यादेतच राहते. टर्बोत हवाच मर्यादेबाहेर जाते. शिवाय मूळ ईसीयू शिकत असतो. पिगीबॅकने साध्या चालण्यात पेट्रोलचं गणित हलवलं की ऑक्सिजन सेन्सर बघून तो आठवड्याभरात ते परत आपल्या जागी आणतो. दोघं एकमेकांचं लिहिलेलं खोडत बसतात.

आता रांजणगाव. पुण्याहून नगरला जाताना लागणारा फियाट-टाटांचा कारखाना. तिथे बनलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल तुम्हाला टाटाच्या क्वाड्राजेट नावाने माहीत असेल. मारुतीने हेच डिझाइन परवान्यावर स्वतःकडे बनवून डीडीआयएस नावाने विकलं. साधं रूप ७५ पीएसचं, वरचं ९० पीएसचं. कित्येक ट्यूनिंग बॉक्सवाले छातीठोक सांगत की फरक फक्त सॉफ्टवेअरचा आहे. नव्हता. ७५ च्या इंजिनाला ठरीव भूमितीचा टर्बो, ९० ला पाती वळवणारा. आणि टॉर्क बघा: १९० न्यूटन मीटरवरून फक्त २००.

पेट्रोलमध्ये तर आणखी गमतीशीर. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन २०१० मध्ये लिनिया टी-जेटमध्ये ११४ पीएसचं आलं. २०१५ मध्ये तेच इंजिन अबार्थ पुंटोत १४५ पीएस झालं. ३१ पीएस वाढले, टॉर्क २०७ वरून २१२. म्हणजे कंपनीने खालच्या आरपीएमला इंजिन फार पिळलं नाही, वरच्या आरपीएमला श्वास लांबवला. क्लच आणि गिअरबॉक्स मोडतो तो टॉर्क, ब्रोशरवरचे हॉर्सपॉवर नव्हेत. शिवाय हे इंजिन जन्मापासून टर्बोसाठी घडवलेलं होतं. शंभराच्या वरच्या ओळी त्याच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून होत्या. कंपनीच्या टर्बो गाडीला हलकं रीमॅप का झेपतं, आणि साध्या गाडीला का नाही, याचं उत्तर इथे आहे. तरी पुंटोला कंपनीने चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, गाडी खाली बसवली. रीमॅप करून देणाऱ्या किती जणांनी तुम्हाला ब्रेकबद्दल विचारलं?

नव्या गाड्यांत एक भिंत आणखी आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आले तेव्हापासून ईसीयू आधी टॉर्क ठरवतो: ड्रायव्हरने इतका मागितला, इतकाच निघाला पाहिजे. दुसरा एक हिशेब त्याच्यावर पहारा ठेवतो. मागितल्यापेक्षा जास्त निघतोय असं वाटलं की गाडी लिंप मोडमध्ये. पेडल अडकून गाडी सुसाट सुटू नये म्हणून ही सोय आहे. टर्बो किटवाल्याला ती आडवी येते, मग तो पहाराच बंद करून देतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून तर नजर आणखी कडक झाली.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडी बदलता येत नाही. सीएनजीसारख्या ठरावीक गोष्टींना परवानगी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ज्यांना करायचंच आहे, ट्रॅकवर, ते मूळ ईसीयू काढून स्टँडअलोन लावतात. त्याचे तक्ते कोरे असतात, हवे तितके वरपर्यंत भरता येतात. सोबत मोठे इंजेक्टर, मोठा पंप, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, आणि डायनोवर तासन्‌तास बसणारा माणूस. जेटफायरवाल्यांनी मालकावर सोपवलेलं काम इथे त्या माणसाच्या पदरात येतं. किटच्या किमतीत त्याची मजुरी धरलेली नसते, ती आधी विचारून घ्या.

पुढच्या भागात कुर्ल्याची पद्मिनी आणि तिचा कार्ब्युरेटर. भेटू.