तालमीचा उंबरा

मराठी मुलखात शरीरबळाची आणि आत्मरक्षणाची विद्या ज्या वास्तूत शिकविली गेली, त्या तालमीचा इतिहास आजवर बहुधा नामांकित मल्लांच्या चरित्रांतून आणि गाजलेल्या कुस्त्यांच्या कथांतूनच सांगितला गेला आहे. परंतु पहिल्या दिवशी भीतभीत आत आलेल्या नवशिक्यास तेथे काय मिळे, कोणास आत येऊ दिले जाई, आणि राज्य बुडून हत्यारे गेल्यावरही ही विद्या कशाच्या आधारावर टिकली, हे प्रश्न माझ्या मते अधिक मोलाचे आहेत.

ही विद्या प्राचीन खरीच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि त्यांचे व्यायाम यांचे सविस्तर वर्णन आढळते. मात्र तेथील मल्ल हा राजाच्या विनोदाचा विषय आहे, स्वतःच्या जिवाचे रक्षण करू पाहणारा सामान्य गृहस्थ नव्हे. शिवकाळात या विद्येचे प्रयोजन पालटले. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्टा उगारून शिवाजी महाराजांवर धावला, तेव्हा त्यास आडवे करणारा जिवा महाला हा कोणी सरदार नव्हता. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण घरोघर रुजली, याचे कारण त्या क्षणी राज्याचे रक्षण एका साध्या माणसाच्या शिकल्या हाताने झाले, हे लोकांनी नेमके ओळखले.

हा पट्टा मोठा कठीण गुरू. त्याचे पाते लांब व सरळ, आणि मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी खोबणीत बसविलेली. त्यामुळे मनगट वळविण्यास वावच राहत नाही, आणि वार करावयाचा तो खांदा, कंबर व पाय यांच्या एकत्रित गतीने. ज्याचे पाऊल चुकले त्याचा पट्टा प्रथम त्याच्याच अंगावर येतो. म्हणून जाणता वस्ताद धारेचे हत्यार नवशिक्याच्या हाती सहसा देत नसे; आधी पवित्रा, मग पदन्यास, मग लाकडी काठी, आणि पुष्कळ काळानंतर पोलाद, असा तो क्रम होता.

उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या पुनरुज्जीवित केली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी तिला मान मिळाला. परंतु 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तालमींचा राजाश्रय आटला, आणि 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने तर परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. अशा वेळी तालमीने तलवारीच्या जागी लाकूड आणि चामडे आणले. चामड्याने मढविलेला गदगा आणि चामड्याची लहानशी ढाल म्हणजे फरी, या दोहोंच्या जोडीने तलवारीचे सारे डाव जिवंत ठेवले. लाठी व बोथाटी यांनी शेतकऱ्याच्या हातातील काठीस आणि भाल्याच्या स्मृतीस शास्त्राची शिस्त दिली. सरकारी अंमलदार हत्यार जप्त करू शकत होता. अंगात मुरलेला डाव जप्त करणे त्याच्या हुकमाच्या बाहेरचे होते.

नवशिक्याचा दिनक्रम मात्र फार साधा असे. तांबडी माती चाळून, तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून हौदा सिद्ध करावयाचा, तो फावड्याने उकरून भुसभुशीत करावयाचा, मारुतीस नमस्कार करून जोर-बैठका काढावयाच्या, आणि जोडीदार पाडील तितक्या वेळा मातीत पडावयाचे. दुखापत न होता पडता येणे हीच आत्मरक्षणाची पहिली इयत्ता होती. त्यानंतर कानाइतक्या उंचीची लाठी हाती येई, आणि शिर, तमाचा, बाहेरा हे वार मारण्याआधी ते अडविण्याचाच सराव चाले. जो अडवू शकतो तो घाबरत नाही, आणि जो घाबरत नाही तो उगाच हातही उगारीत नाही. वस्तादाच्या शिस्तीचे मर्म एवढेच होते.

या परंपरेतील सर्वांत थोर वस्ताद मी लहुजी राघोजी साळवे यांना मानतो. 1794 साली पुरंदरच्या परिसरात मातंग कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाचे वडील राघोजी 1817 च्या खडकीच्या लढाईत पडले. पुत्राने पुण्यात तालीम घातली, आणि जोतीराव फुले यांनी दांडपट्टा व निशाणबाजी आपण लहुजींपाशी शिकल्याचे ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेविले. ज्या शहरात ज्ञातीची उतरंड एवढी कठोर होती, तेथे अस्पृश्य मानलेल्या वस्तादापुढे इतर जातींच्या तरुणांनी शिष्य म्हणून मस्तक नमवावे, ही घटना कुस्तीच्या कोणत्याही विजयाहून मोठी आहे. पुढे जोतीरावांनी मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळा काढल्या, तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांपैकीच एका शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 1881 साली लहुजी निवर्तले. पुण्याच्या गंज पेठेत त्यांच्या नावाची तालीम आजही उभी आहे.

पुढील शतकात ही विद्या संघटित झाली. बडोद्यास वस्ताद जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी तिला सामुदायिक कवायतीचे रूप दिले. अमरावतीस 1914 पासून वैद्य बंधूंचा हनुमान आखाडा वाढला आणि 1936 साली तेथील पथकाने बर्लिनला देशी खेळ करून दाखविले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी तर दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशात तिचा एकेक डाव कागदावर उतरविला.

एक उणीव मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ब्रह्मावर्तास वाढलेल्या मणिकर्णिकेला, म्हणजे पुढच्या झाशीच्या राणीला, शस्त्रविद्या लाभली ती दरबाराच्या छायेत. सामान्य घरच्या मुलीस तालमीचा उंबरा पिढ्यानपिढ्या बंदच राहिला, आणि ज्यांना आत्मरक्षणाची निकड सर्वाधिक होती त्यांनाच ही विद्या सर्वांत उशिरा मिळाली. आज कराटे, ज्यूदो, मुष्टियुद्ध यांचे वर्ग गावोगाव निघाले आहेत आणि मुली त्यांत निःसंकोच शिकत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु ज्या गावात अजून एखादी तालीम आणि तीत जुने डाव जाणणारा एखादा वस्ताद आहे, तेथे तो हयात आहे तोवर गावकऱ्यांनी आपल्या मुलांप्रमाणेच मुलींनाही त्याच्याकडे धाडावे, आणि तालमीच्या पंचांनी त्यांच्यासाठी वेळ व जागा राखून ठेवावी. लहुजींनी सर्व जातींसाठी जो उंबरा खुला केला, तो मुलींसाठी खुला करणे हे आता आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.