केकचे मोल
म्हैसुरात बदली होऊन आलेल्या मराठी गृहस्थास मुलाच्या वाढदिवशी केकचा दर ऐकून दचकायला होते, कारण त्याच्या मनातले माप म्हैसूरपाकाचे असते. तो पाक नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या मुदपाकखान्यात काकासुर मादप्पांनी प्रथम केला, असे सांगतात. त्यांच्या वंशजांचे दुकान आजही बडोद्याच्या सयाजीरावांचे नाव मिरविणाऱ्या रस्त्यावर आहे. बेसन, साखर आणि तूप. तुपाचा भाव कळला की पाकाचा अदमास येतो. केकचे तसे नाही. कूर्गच्या घाटापलीकडे तलश्शेरीस १८८३ साली मांबल्ली बापूंनी मर्डोक ब्राऊन या मळेवाल्याचा नमुना पाहून नाताळचा केक भाजला. त्यात खरे मोल मैद्याचे नव्हे, हाताचे होते.

२०२५ च्या २१ सप्टेंबरपर्यंत मिठाईवर ५ टक्के, तर केकवर १८ टक्के कर होता; दुसऱ्या दिवसापासून दोहोंवर ५. तेवढा दर उतरावा, ही मागणी आम्हांस रास्त वाटते. परंतु वर नाव रेखणाऱ्या कारागिराचा वेळ तराजूत पडत नाही, त्यावर घासाघीस करू नये. अगदी साध्या केकला मात्र तुपातल्या पाकाहून अधिक दाम मागितल्यास कारण अवश्य विचारावे. कानडीत विचारल्यास उत्तम.