सेल्फीआधी

घोडेगावाहून मुंबई बघायला गेलं की गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडायचीच. मुळा धरणापलीकडे पाणी न पाहिलेल्या माणसाला तो तासभराचा प्रवास म्हणजे जत्राच.

याच समुद्रात १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं. देश जल्लोषात असताना कोकणातल्या कित्येक घरांत सुतक होतं.

१८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जीव गेले. मग कुठे लाइफ जॅकेटची सक्ती आली.

उकडतं, फोटो बिघडतो, मान्य. तरी सेल्फीआधी जॅकेट घाला. त्याची किंमत आधीच कुणीतरी मोजली आहे.