रोदोल्फ टोप्फर याची चित्रग्रंथनिर्मिती : लेखणी, शिळा आणि ग्रंथकर्त्याचे स्वामित्व

चित्रकादंबरी हा विसाव्या शतकातील वाङ्मयप्रकार होय, असा सामान्य समज आहे. नावापुरते पाहिले तर तो खरा आहे. परंतु चित्रांच्या ओळीतून सलग कथा सांगणारे, आरंभ, मध्य व शेवट असलेले आणि स्वतंत्र पुस्तक म्हणून विक्रीस ठेवलेले ग्रंथ जिनीव्हा येथे १८३५ पासूनच निघू लागले होते. त्यांचा कर्ता रोदोल्फ टोप्फर (१७९९–१८४६) याच्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो हे ग्रंथ कसे तयार करी, कसे छापवी व त्यांवर त्याची सत्ता कितपत राहिली, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात याच अंगाचा विचार करावयाचा आहे.

टोप्फरचा पिता वोल्फगांग-आडाम हा जिनीव्हातील नामांकित चित्रकार होता. पुत्रानेही तोच व्यवसाय करावा, असे योजिले होते. पण नेत्रविकारामुळे ती आशा सोडावी लागली. १८१९-२० मध्ये पॅरिस येथे अध्ययन करून तो परतला, अध्यापनात शिरला आणि थोड्याच वर्षांत त्याने मुलांची स्वतःची वसतिशाळा काढली. १८३२ मध्ये जिनीव्हाच्या अकादमीत त्यास साहित्यशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. म्हणजे चित्रग्रंथ हा त्याच्या उपजीविकेचा व्यवसाय कधीच नव्हता. शाळेच्या कामातून उरलेल्या वेळात, विद्यार्थ्यांच्या व स्नेह्यांच्या करमणुकीसाठी तो वह्यांतून चित्रकथा रेखाटीत असे. ‘मस्यू व्ह्यू ब्वा’ या प्रणयवेड्या गृहस्थाची कथा १८२७ मध्ये तयार झाली. ‘डॉक्टर फेस्तुस’, ‘मस्यू क्रिप्टोगाम’ आणि ‘मस्यू झाबो’ यांच्या वह्या १८३१ पर्यंत सिद्ध झाल्या. या वह्या हातोहात फिरत. छापण्याचा विचार तेव्हा दिसत नाही.

त्या विचारास चालना मिळाली ती वायमार येथून. तेथील राजपुत्राचा शिक्षक फ्रेदेरिक सोरे हा मूळचा जिनीव्हाचा. त्याने १८३०-३१ च्या हिवाळ्यात या वह्यांपैकी काही वृद्ध गटेपुढे ठेविल्या. गटे त्या एका बैठकीत संपवीत नसे; काही पाने पाहून उरलेली पुढच्या खेपेस राखून ठेवी, असे एकरमानने नमूद केले आहे. अशा रसिकाची मान्यता मिळाल्यावर टोप्फरचा संकोच कमी झाला. तरीही ‘झाबो’ १८३३ मध्ये छापून तयार असता तो प्रत्यक्ष विक्रीस आला १८३५ मध्ये. नव्या प्राध्यापकास आपल्या पदाच्या प्रतिष्ठेची काळजी वाटली असावी, असे मानण्यास जागा आहे.

आता त्याच्या मुद्रणपद्धतीकडे वळू. त्या काळी पुस्तकातील चित्र बहुधा कोरक्याच्या हातून जाई. चित्रकार रेखाटन देई; कोरक्या ते लाकडावर किंवा ताम्रपटावर उतरवी. शिळाछापात चित्रकारास थेट दगडावर काढता येई, पण छाप उलटा उमटत असल्यामुळे चित्र व अक्षरे दोन्ही उलटी काढावी लागत. टोप्फरने ‘ऑटोग्राफी’ नावाची पद्धती पत्करली. तीत खास लेप दिलेल्या कागदावर तेलकट शाईने व साध्या लेखणीने काम करावयाचे. मग तो कागद शिळेवर दाबला, की रेषा शिळेवर उलट्या उतरत आणि छापताना पुन्हा सुलट होत. त्यामुळे चित्र आणि त्याखालील मजकूर एकाच हाताने, एकाच बैठकीत, नेहमीच्या लिहिण्याप्रमाणे कागदावर उतरविणे शक्य झाले.

मराठी वाचकास शिळाछाप अपरिचित नाही. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी याच काळात, १८३१ मध्ये, शिळाछापावर पंचांग काढले. तथापि आपल्याकडील शिळाछाप पोथीत जे हस्ताक्षर दिसते ते लेखनिकाचे. टोप्फरच्या ग्रंथात हस्ताक्षर, रेषा व कथा ही तिन्ही ग्रंथकर्त्याचीच. हा भेद महत्त्वाचा आहे.

या साधनाने त्याच्या शैलीवर बंधनेही घातली. लेखणीची रेषा उत्तम उमटे. छायेचे सूक्ष्म काम तितकेसे साधत नसे. नेत्रविकार असलेल्या माणसास तेही सोयीचेच होते. टोप्फरने या मर्यादेचेच तत्त्व बनविले. १८४५ च्या आपल्या मुखचर्याविषयक निबंधात तो चित्रांच्या मालिकेने कथा लिहिणे हे वाङ्मयच मानतो व केवळ बाह्यरेषेने स्वभाव व्यक्त करण्याच्या सामर्थ्याचे समर्थन करतो. ‘झाबो’विषयी १८३७ मध्ये त्याने स्वतःच लिहिलेल्या टिपणात म्हटले आहे की, मजकुरावाचून ही चित्रे दुर्बोध होतील आणि चित्रांवाचून मजकुरास काही अर्थच राहणार नाही. हा विचार चित्र व अक्षर एकाच लेखणीतून उतरविणाऱ्यास सुचावा, हे स्वाभाविक होय.

१८३७ मध्ये ‘व्ह्यू ब्वा’ आणि अकरा मुलांसाठी योग्य शिक्षक शोधणाऱ्या पित्याची कथा ‘मस्यू क्रेपँ’ हे ग्रंथ निघाले. त्यांच्या यशाबरोबर संकटही आले. १८३९ मध्ये पॅरिसच्या ओबेर या प्रकाशनसंस्थेने ‘झाबो’, ‘क्रेपँ’ व ‘व्ह्यू ब्वा’ या तिन्ही ग्रंथांच्या परक्या हाताने काढलेल्या नकला बाजारात आणिल्या. परदेशी ग्रंथकर्त्याच्या हक्काचे रक्षण करणारा फ्रेंच हुकूम निघाला तो १८५२ मध्ये, म्हणजे टोप्फरच्या मृत्यूनंतर. दाद मागण्यास जागाच नव्हती. त्याने उपाय केला तो कारागिराचा : त्याच वर्षी ‘व्ह्यू ब्वा’ पुन्हा स्वहस्ते रेखाटून, काही चित्रे वाढवून, नवी आवृत्ती काढली. परंतु जगात पसरली ती नक्कलच. तीवरून १८४१ मध्ये लंडन येथे इंग्रजी आवृत्ती निघाली आणि १८४२ च्या सप्टेंबरात तीच न्यूयॉर्क येथे एका साप्ताहिकाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील चित्रकथेचा इतिहास याच पुरवणीपासून सांगण्याची प्रथा आहे. म्हणजे त्या इतिहासाच्या आरंभी टोप्फरची कथा आहे, पण त्याची रेषा नाही.

शेवटचा प्रसंग यापेक्षाही बोधप्रद आहे. ‘क्रिप्टोगाम’ १८४५ मध्ये पॅरिसच्या ‘लिल्युस्त्रासियाँ’ या साप्ताहिकातून क्रमशः आला. मोठ्या खपाच्या नियतकालिकास अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छापता येतील असे लाकडी ठसेच हवे होते. म्हणून टोप्फरच्या रेखाटनांवरून शाम या व्यंगचित्रकाराने ती लाकडावर उतरविली व कोरक्यांनी कोरली. या वेळी सारे संमतीने झाले आणि वाचकवर्ग पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा मिळाला. मात्र कर्ता व कागद यांच्यामध्ये इतर हात पुन्हा येऊन बसले. पुढील वर्षीच्या जून महिन्यात टोप्फर निवर्तला.

तात्पर्य, टोप्फरचे कार्य केवळ एका विनोदी प्रतिभेचे फळ म्हणून पाहणे अपुरे आहे. शाळेच्या उत्पन्नाने त्याला बाजारापासून स्वातंत्र्य दिले, आणि स्वस्त शिळाछापाने कोरक्यापासून. ही दोन्ही स्वातंत्र्ये एकत्र होती तोवर ग्रंथ सर्वस्वी त्याचा राहिला. खप वाढला तशी त्यांपैकी एक ना एक गमवावी लागली. चित्रांतून कथा सांगणाऱ्या पुढील प्रत्येक ग्रंथकारापुढे, आपली रेषा आपल्या हाती ठेवावी की वाचक वाढवावेत, हा जो प्रश्न उभा राहिला, तो प्रथम जिनीव्हाच्या या शिक्षकापुढे उभा राहिला होता, असे म्हणावयास हरकत नाही.