वांद्र्याचे क्रूस : नवस, आभार आणि अनिश्चित भविष्य

रणवार, चिंबई, पाली, शेर्ली अशा वांद्र्याच्या जुन्या वस्त्यांतून उभे असलेले दगडी क्रूस हा मुंबईच्या इतिहासलेखनात प्रामुख्याने स्थापत्याचा आणि वारशाचा विषय राहिला आहे. त्यांना सरसकट ‘प्लेगचे क्रूस’ म्हणण्याची रूढीही आहे. या नावाने क्रूसाचे कारण कळते; परंतु तो उभारणाऱ्या समाजाने येणाऱ्या काळाविषयी कोणती भूमिका घेतली, हा प्रश्न तसाच राहतो. क्रूस ही एक संहिता मानून तिच्यातील काळाची रचना तपासली, तर श्रद्धा आणि अनिश्चितता यांच्या संबंधाविषयीच्या काही प्रचलित समजुती पुन्हा तपासाव्या लागतात.

सप्टेंबर 1896 मध्ये गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागात ग्रंथिज्वराचे निदान केले आणि मुंबईतून लाखो माणसे बाहेर पडली. वांद्रे त्या वेळी शहराच्या हद्दीत नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातील साष्टीचा भाग होते. रोगाचा जंतू 1894 मध्येच हाँगकाँग येथे सापडला होता, मात्र तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे अज्ञात होते. उंदरावरील पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवला. त्याला सर्वमान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे गेली. हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये आपली लस स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा आला आणि घरझडती, सक्तीचे विलगीकरण, आगगाडीतील तपासणी यांना अधिकार लाभला. म्हणजे शासन, वैद्यक आणि सामान्य माणूस हे तिघेही अपुऱ्या ज्ञानाच्या आधारे उद्याविषयी निर्णय घेत होते. अनिश्चितता ही केवळ अज्ञ भाविकाची अवस्था नव्हती, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

अशा अवस्थेसाठी मराठीने एक शब्द आधीच घडवून ठेवला आहे : नवस. नवसाला दोन क्रियापदे लागतात. तो ‘बोलला’ जातो आणि ‘फेडला’ जातो. बोलणे भविष्याकडे तोंड करून होते, फेडणे झालेल्या गोष्टीच्या आधारे. वांद्र्यात या दोन क्रियांना दोन द्रव्ये मिळालेली दिसतात. मोत माऊलीच्या पायऱ्यांपाशी विकले जाणारे मेणाचे हात, पाय, बाळ, घर हे प्रामुख्याने बोलण्याचे साहित्य आहे. ते एका व्यक्तीचे असते, वितळून जाते, आणि ते वाहणाऱ्यांत ख्रिस्तेतरही मोठ्या संख्येने असतात. दगडी क्रूस हे फेडण्याचे साहित्य. तो वस्तीचा असतो, टिकतो, आणि त्यावर बहुधा वर्ष कोरलेले असते.

ही विभागणी मात्र प्लेगच्या क्रूसांपाशी येऊन डळमळते. प्लेग 1897 मध्ये संपला नाही. सुमारे दोन दशके तो मुंबईत वर्षानुवर्षे परतत राहिला. तेव्हा साथीच्या पहिल्या वर्षांत उभारलेला क्रूस संकट टळल्याची पावती असूच शकत नाही. एखादा हंगाम निभावला, एवढाच त्याचा आधार. पुढचा हिवाळा काय आणील हे ठाऊक नसताना फेडलेला हा नवस आहे. आभार येथे निश्चितीच्या आधी येतात. भविष्य कळल्यामुळे मन स्थिरावले आणि मग कृतज्ञता उमटली, असा क्रम या दगडांत नाही. कृतज्ञतेची कृती आधी केली गेली आणि तिच्या आधाराने न कळलेल्या काळात पाऊल टाकले गेले.

या वृत्तीला वाङ्मयीन पूर्वपरंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यातील पहिले पुराण जुन्या कराराच्या आधारे तारणाऱ्याच्या प्रतीक्षेची कथा सांगते, दुसरे त्याच्या आगमनाची. श्रोत्याला शेवट ठाऊक असतो, पण कथेतील माणसांना तो ठाऊक नसतो. त्याच सतराव्या शतकात फ्रान्सिस्को व्हाझ द गिमाराईश यांनी उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजासाठी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण रचले. अशा कथनांतून घडलेल्या समाजाला ‘अजून न घडलेले’ हे श्रद्धेबाहेरचे वाटत नाही. प्रतीक्षा हाच त्या कथनाचा मोठा भाग असतो. क्रूस या खुणेचा अर्थही त्यात बसतो. पुनरुत्थान सांगणाऱ्या धर्माने वस्तीच्या नाक्यावर उभे केलेले चिन्ह पुनरुत्थानाचे नाही, त्याआधीच्या यातनेचे आहे.

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ही श्रद्धा दैवाधीनतेचेच सोज्ज्वळ रूप आहे. पण क्रूस उभारण्यासाठी जागा द्यावी लागते, वर्गणी जमवावी लागते, संध्याकाळच्या रोझरीला शेजाऱ्यांनी एकत्र यावे लागते. ज्या काळात साथीचे नियमन माणसाला घरापासून तोडत होते, त्या काळात ही कृती वस्तीला बांधून ठेवणारी होती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्रूस हे वाचलेल्यांचे लेखन आहे. ज्यांनी नवस बोलला पण ज्यांना तो फेडता आला नाही, त्यांची प्रार्थना दगडावर येत नाही. ही उणीव कोणत्याही सहानुभूतीपूर्ण वाचनाने भरून निघणारी नाही. शिवाय सगळेच क्रूस प्लेगचे नाहीत. सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातील, दुःखसहनाची चिन्हे कोरलेला अखंड दगडाचा क्रूस साथीच्या कितीतरी आधीचा, जेझुइट काळातील आहे. ‘प्लेगचा क्रूस’ ही संज्ञा म्हणूनच प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

कोरलेल्या वर्षाला गेल्या काही वर्षांत अनपेक्षित अर्थ प्राप्त झाला आहे. सार्वजनिक जागांवरील नव्या अनधिकृत धार्मिक बांधकामांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मनाई केली, जुन्यांचा आढावा सुरू झाला आणि ते वर्ष कायदेशीर पुरावा ठरू लागले. एप्रिल 2017 मध्ये महापालिकेने वांद्र्याच्या बाजार रस्त्यावरील शतकाहून जुना क्रूस पाडला, तेव्हा ख्रिस्ती समाजातून तीव्र निषेध झाला. 2020 मध्ये, नव्या साथीत, 8 सप्टेंबरच्या सणाला जोडून भरणारी मोत माऊलीची जत्राच रद्द करावी लागली. पहिल्या प्रसंगात दगडाचे टिकाऊपण खोटे ठरले, दुसऱ्यात मेणालाही वाट उरली नाही. तरीही नवसाची परंपरा खंडित झाली, असे म्हणता येत नाही. कारण भविष्याची हमी ही तिची अट कधीच नव्हती. वांद्र्याच्या क्रूसांचे महत्त्व त्यांच्या वयापेक्षा या अटीच्या अभावात शोधावे लागेल. वारशाच्या याद्यांमध्ये वयाची नोंद होते. या अभावाची नोंद घेण्याचे काम समीक्षेचे आहे.