मोटारीचा टप : अँटेनाचा दुसरा अर्धा भाग

पोलिसांची जीप एकोडीच्या रस्त्यावरून गेली, की मुलांचे लक्ष तिच्यावरील काठीकडे जाते. ती टपावरच का, आणि तेवढीच लांब का? या प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे.

1928 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट पोलिसांनी गाडीत रेडिओ बसवला. पण तो फक्त ऐकण्याचा. मदत हवी असली, तरी शिपायाला गाडीतून बोलता येत नसे. दुतर्फा संभाषण 1933 मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन शहरात साधले.

तरी खरखर उरलीच. हर्ट्झने 1887-88 मध्ये ठिणगीतूनच रेडिओलहरी निर्माण केल्या होत्या, आणि पेट्रोल इंजिनातही ठिणग्या पडतात! हा गोंगाट मुख्यतः लहरींच्या उंचीत मिसळतो. आर्मस्ट्राँगच्या एफ.एम. पद्धतीत संदेश कंप्रतेच्या बदलात असल्याने गोंगाट बराचसा गाळता येतो. 1940 मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी ही पद्धत गाड्यांत आणली.

आता काठीकडे वळू. हातातला संच गाडीच्या आत वापरला, तर पत्रा लहरी अडवतो. तोच पत्रा अँटेनाखाली असला, की आरशासारखा उपयोगी पडतो. मार्कोनीने अँटेनाचे अर्धे काम जमिनीवर सोपवले होते. मोटारीत ते टप करतो. म्हणून अँटेना टपाच्या मध्यावर उत्तम. 150 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 2 मीटर. तिच्या चतुर्थांशाची, म्हणजे सुमारे 50 सेंटिमीटरची काठी पुरते.

प्रक्षेपणाला परवाना लागतो, गणिताला नाही. 100 मेगाहर्ट्झसाठी काठी किती लांब हवी, हे वर्गात जरूर काढायला सांगावे, असे आम्ही सुचवतो.