साहेबाची गाडी, जर्मन गाडी

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातला एक मित्र मोबाईल घेऊन माझ्या डेस्कपाशी आला. स्क्रीनवर एका पंधरा वर्षं जुन्या जर्मन सेडानची जाहिरात. किंमत नव्या छोट्या हॅचबॅकएवढी. म्हणाला, "घेऊ का रे? जर्मन आहे, काय होतंय तिला!" दोन वर्षं साठवलेले पैसे, आणि घरी आई अजून रिक्षाने दवाखान्यात जाते. त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता. शेजारच्या खुर्चीतून दुसऱ्याने लगेच पुडी सोडली, "जर्मन डोळे मिटून घे. फक्त साहेबाची घेऊ नकोस. ती गाडी कमी आणि गॅरेजची भाडेकरू जास्त असते."

मी "सोमवारी सांगतो" म्हणालो आणि अख्खा शनिवार या विषयात घातला. तर मंडळी, हे माझं उत्तर. जरा लांबलंय, सांभाळून घ्या :)

पहिल्यांदा तो "रक्तातच असतं" वाला सिद्धांत बाजूला ठेवू. बी.एम.डब्ल्यू.ने १९२८ मध्ये आयझेनाखचा कारखाना विकत घेतला, तेव्हा तिथे डिक्सी नावाची छोटी गाडी बनत होती. ही डिक्सी म्हणजे इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन, लायसन्सवर बनवलेली. म्हणजे बी.एम.डब्ल्यू.ची पहिली चारचाकी जन्माने साहेबाची! युद्धानंतर गंगा उलटी वाहिली. ब्रिस्टल या ब्रिटिश कंपनीने आपली पहिली गाडी बनवली ती बी.एम.डब्ल्यू.च्या युद्धापूर्वीच्या डिझाईनवरून. आणि फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्गचा कारखाना १९४५ मध्ये सुरू ठेवला तो आयव्हन हर्स्ट नावाच्या ब्रिटिश मेजरने. लष्करी प्रशासनाकडून २० हजार गाड्यांची ऑर्डर मिळाली म्हणून तो कारखाना वाचला. नाहीतर बीटल तिथेच संपली असती. तेव्हा रक्तबिक्त काही नाही. मग पुढच्या तीस वर्षांत दोघांच्या वाटा एवढ्या वेगळ्या का झाल्या?

इथे आमच्या धंद्यातल्या दोन संज्ञा कामाला येतात. सर्व्हरचा भरवसा मोजताना आम्ही दोन आकडे बघतो. एक, दोन बिघाडांमध्ये सरासरी किती वेळ जातो. दोन, बिघडल्यावर पुन्हा उभं राहायला किती वेळ लागतो. लोक "रिलायबल" म्हणताना फक्त पहिला आकडा बघतात. जुन्या गाडीच्या बाबतीत दुसरा आकडा खिसा कापतो.

पहिल्या आकड्यात ब्रिटिश गाड्या मार खायच्या, यात वाद नाही. पण का, ते बघण्यासारखं आहे. अ‍ॅलेक इसिगोनिसची मिनी १९५९ मध्ये आली. इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी, दहा फुटांत चार माणसं. डिझाईन म्हणून अफाट. पण पहिल्या गाड्यांच्या फ्लोअरचे जोड उलट्या बाजूने चढवलेले, त्यामुळे रस्त्यावरचं पाणी सरळ आत यायचं. डिस्ट्रिब्यूटर समोरच्या जाळीमागे, पावसात तोच आधी भिजायचा. इंग्लंडसारख्या देशात पावसाचा विचार राहून जावा म्हणजे कमाल आहे! किंमत मात्र ५०० पौंडांच्या आत. फोर्डच्या लोकांनी एक मिनी पूर्ण सुटी करून हिशेब मांडला, तेव्हा त्यांच्या अंदाजाने दर गाडीमागे सुमारे ३० पौंडांचा तोटा होत होता. ज्या गाडीवर नफाच नाही तिच्यातून पुढच्या गाडीसाठी पैसा कुठून येणार?

तो आलाच नाही. १९६८ मध्ये सगळ्या कंपन्यांची मोट बांधून ब्रिटिश लेलँड झाली. जिथे तिथे कारखाने, आणि एकाच गिऱ्हाईकासाठी आपसात भांडणारे ब्रँड. १९७१ मध्ये 'नवीन' मॉरिस मरीना आली, तिचं पुढचं सस्पेन्शन १९४८ च्या मॉरिस मायनरवरून घेतलेलं. (लेगसी कोडवर नवीन स्क्रीन चढवून रिलीज करणं माहितीये ना? तेच.) १९७५ मध्ये कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली, तेव्हा राइडर समितीच्या अहवालात निघालं की निम्म्याहून जास्त यंत्रं पंधरा वर्षांहून जुनी आहेत. संपांच्या गोष्टी सगळे सांगतात, आणि संप खरंच बेसुमार झाले. पण जुनाट यंत्रावर वाकडा दरवाजा बसवणाऱ्या कामगाराला "आळशी इंग्रज" म्हणणं म्हणजे बग सापडला की टेस्टरला शिव्या घालण्यासारखं आहे.

रोव्हर एस.डी.वन हे याचं सगळ्यात दुःखद उदाहरण. १९७६ मध्ये आली, १९७७ ची युरोपातली सर्वोत्कृष्ट गाडी ठरली, आणि रंगकाम, फिटिंग आणि वायरिंग यांनी सगळी अब्रू घालवली. हीच गाडी १९८५ मध्ये चेन्नईच्या स्टँडर्ड कंपनीने आपल्याकडे 'स्टँडर्ड २०००' म्हणून आणली, पण आत इंजिन जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं. म्हणजे राजवाड्याला चाळीचा जिना. १९८८ पर्यंत खेळ खलास.

आता दुसरा आकडा. जुनी ब्रिटिश गाडी बिघडते, पण काय बिघडलं ते सांगते. मॉरिस मायनरचं बॉनेट उघडा, इंजिनाच्या आजूबाजूला जागाच जागा. पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर बरंच काही होतं. ल्युकासच्या इलेक्ट्रिकल्सवर विनोदांचा पाऊस आहे (इंग्रज बिअर कोमट का पितात? फ्रिज ल्युकासचा असतो म्हणून!), पण त्यातला मोठा भाग गंजलेले जोड आणि कच्चं अर्थिंग. पॉलिश पेपर घासला की दिवे लागतात. याच गुणावर मॉरिस ऑक्सफर्डने आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडर नावाने पन्नासहून जास्त वर्षं काढली, २०१४ पर्यंत. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा ती उघडू शकायचा, हे तिच्या दीर्घायुष्याचं रहस्य. आपण जिला गाडीचा 'स्वभाव' म्हणतो तो बराचसा इथून येतो. जिच्यासाठी चारदा हात काळे केले तिच्यावर जीव जडतोच.

जर्मन गाडीचा स्वभाव वेगळा. १९७६ च्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ चा दरवाजा लावा, बँकेच्या तिजोरीसारखा 'धप्प' आवाज येतो. अशा सुमारे २७ लाख गाड्या बनल्या आणि जर्मनीपासून आफ्रिकेपर्यंत टॅक्सी म्हणून धावल्या. तिचं डिझेल इंजिन म्हणजे पूर्ण यांत्रिक कारभार, एकदा सुरू झालं की विजेची फारशी गरजच नाही. टॅक्सीवाला हा असला ग्राहक की गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याची चूल पेटत नाही. अशा गिऱ्हाईकासाठी बनवलेली गाडी टिकाऊच होणार.

पण इथे एक मेख आहे. त्याच्या आदल्या पिढीतली एक २४० डी, ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या एका टॅक्सीवाल्याची, ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. सगळे आकडा सांगतात. तो माणूस इंजिनं आलटून पालटून उतरवून, दुरुस्त करून बसवत होता, हे कोणी सांगत नाही. म्हणजे विक्रम करणारी जर्मन गाडीसुद्धा देखभालीवरच चालली. दोन्ही आकडे चांगले, म्हणून ती अमर.

आणि मग आली नव्वदची दशकं. सुरुवातीच्या काही वर्षांत मर्सिडीजने इंजिनाच्या वायरिंगवर पर्यावरणपूरक आवरण वापरलं. उष्णतेने ते पापडासारखं मोडू लागलं. १९९५ ची ई-क्लास, डब्ल्यू २१०, गंजासाठी बदनाम झाली. मर्सिडीजला गंज! सगळ्यात बोलका किस्सा निकासिलचा. सिलिंडरच्या आत द्यायचा हा निकेलयुक्त लेप. बी.एम.डब्ल्यू.ने तो आपल्या व्ही-८ मध्ये वापरला आणि काही वर्षांनी जॅग्वारनेही. पेट्रोलमध्ये गंधक जास्त असेल तिथे तो लेप झिजून इंजिन कॉम्प्रेशन गमवायचं. एकच निर्णय, एकच रोग, एक गाडी म्युनिकची आणि एक इंग्लंडची. तेव्हा बिघाड पासपोर्ट बघून येत नाही. तो निर्णय बघून येतो.

१९९४ मध्ये बी.एम.डब्ल्यू.ने रोव्हर विकत घेतली. तेव्हाचे प्रमुख पिशेट्सरीडर हे इसिगोनिसचे नातेवाईक, हा योगायोग बघा. सहा वर्षांत हात पोळले, २००० मध्ये रोव्हर नाममात्र १० पौंडांना देऊन टाकली, फक्त मिनी ठेवली. रोव्हर २००५ मध्ये बुडाली आणि लाँगब्रिजमधल्या हजारो लोकांची नोकरी एका एप्रिलमध्ये गेली. पण नवीन मिनी २००१ पासून बनू लागली ती कुठे? ऑक्सफर्डजवळच्या काउलीत, जिथे मॉरिस ऑक्सफर्ड बनायची तिथेच. गाव तेच, माणसं इंग्रजच. बदलली होती ती यंत्रं, तपासणीची पद्धत आणि पुढच्या मॉडेलसाठी लागणारा पैसा. ती मिनीसुद्धा निर्दोष नव्हती, पण जगभर खपली. "रक्तात असतं" म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

असो. मित्राच्या प्रश्नाकडे येतो.

मित्रा, तू ज्या भरवशावर ती गाडी घ्यायला निघालायस तो भरवसा डब्ल्यू १२३ ने कमावला होता. ब्रँडचं नाव कॅशसारखं असतं. मागचा डेटा कधीच बदललेला असतो, ते जुनाच दाखवत राहतं. जाहिरातीतली गाडी त्या टॅक्सीची नात आहे, ती टॅक्सी नाही. तिच्यात कॉम्प्युटर आहेत, सेन्सर आहेत, आणि बॉनेटखाली हात घालायला जागा नाही. क्वचित बिघडेल, मान्य. पण बिघडेल तेव्हा पाना-पक्कड चालणार नाही. किंमत पंधरा वर्षांनी उतरली, सुट्या भागांची उतरली नाही. ती अजून नव्या गाडीच्याच तोऱ्यात आहेत.

म्हणून सोमवारी मी तुला एवढंच विचारणार आहे. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मिळतोय का? ही गाडी खरोखर उघडून बसवणारा मिस्त्री तुझ्या ओळखीचा आहे का? आणि किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला राहील का? तिन्हींना हो असेल तर खुशाल घे, पहिली चक्कर मला. एकालाही नाही असेल, तर आईसाठी ती नवी छोटी हॅचबॅक घे.

दवाखान्याची वेळ ठरलेली असते रे. तिथे स्वभाव नाही, गाडी वेळेवर सुरू होणं कामाला येतं.